कलेचा इतिहास आणि कलेचा व्यवहार: दोन्ही एकदम शिकायचं म्हणजे काय?

२३ ऑक्टोबर १४८५ रोजी फ्लॉरेन्समध्ये एक करार झाला. एका बाजूला डोमेनिको घिर्लांडायो हा चित्रकार, दुसऱ्या बाजूला अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या इनोचेंती संस्थेचा धर्मगुरू प्रमुख. विषय ठरलेला होता: बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे. चित्र ३० महिन्यांत द्यायचं. मोबदला ११५ मोठे फ्लोरिन (फ्लॉरेन्सची सोन्याची नाणी), तोही दरमहा तीन फ्लोरिनच्या हप्त्यांनी. उशीर झाला तर १५ फ्लोरिन दंड. रंगांचा खर्च चित्रकाराचा, पण निळा वापरायचा तो अल्ट्रामरीनच आणि तोही औंसाला साधारण चार फ्लोरिन भावाचा. वर आणखी एक कलम होतं. चित्र ११५ फ्लोरिनच्या लायकीचं झालंय का, हे संस्थेचे प्रमुख ठरवणार, त्यासाठी हव्या त्या माणसाचं मत घेणार, आणि तेवढ्या लायकीचं वाटलं नाही तर कमी पैसे देणार.

चित्र १४८८ मध्ये पुरं झालं आणि आजही त्याच संस्थेच्या संग्रहालयात आहे. कलेच्या इतिहासाचा विद्यार्थी त्याच्यापुढे उभा राहिला की आधी रचना पाहतो. मागच्या बाजूला बायबलमधल्या हेरोद राजाने करवलेली बालकांची कत्तल चालू आहे, ती अनाथालयासाठी काढलेल्या चित्रात का आली असावी, असा प्रश्न त्याला पडतो. मग मेरीच्या वस्त्राचा निळा. अल्ट्रामरीन म्हणजे अफगाणिस्तानातल्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्द दगडाची भुकटी. चित्रात हा निळा कुठे वापरला आणि कुठे स्वस्तातल्या निळ्यावर भागवलं, यावरून गिऱ्हाइकाला कोण महत्त्वाचं वाटत होतं ते कळतं. व्यवस्थापनाचा विद्यार्थी तोच करार वाचतो तेव्हा त्याला वेगळंच दिसतं: ठरलेला मोबदला, हप्ते, मुदत, दंड, कच्च्या मालाची प्रत, आणि माल तपासून पैसे कापण्याचा ग्राहकाने राखून ठेवलेला हक्क. आजच्या डिझाइन स्टुडिओच्या करारात याहून फार निराळं काही नसतं.

कलेचा इतिहास आणि सर्जनशील उद्योगांचं व्यवस्थापन हे दोन विषय जोडून काही विद्यापीठं एकच पदवी देतात. अशा पदवीत एकाच विद्यार्थ्याला हा करार दोन्ही नजरांनी वाचावा लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही जोडी विजोड वाटते. घरच्यांचा समज साधारण असा असतो की चित्रांची आवड मुलाची आणि व्यवस्थापन पोटापाण्यासाठी, म्हणजे एका विषयाला दुसऱ्याचा विमा. माझ्या मते ही पदवी घ्यायचं हे सगळ्यांत कच्चं कारण आहे. विम्यासाठी घेतलेला विषय माणूस अर्ध्या मनाने शिकतो, आणि या जोडीत अर्धं मन कुठेच चालत नाही. ही जोडी टिकते ती वेगळ्या कारणाने. कलावस्तूची किंमत विश्वासावर उभी असते, विश्वास कागदांवर उभा असतो, आणि ते कागद नीट तपासायला दोन्ही विद्या लागतात.

पहिल्या वर्गात काय चालतं

कलेचा इतिहास म्हणजे चित्रकारांची नावं आणि सनावळ्या पाठ करणं, हा समज पहिल्या सत्रातच गळून पडतो. आधी बघायला शिकवतात. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावायची आणि फरक बोलून दाखवायचे. ही पद्धत हाइनरिख व्योल्फलिन या स्विस अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळवली आणि आजही तीच चालते. रेषा ठळक आहे की कडा विरघळलेल्या आहेत? उजेड कुठून येतो? डोळा आधी कुठे जातो? ‘सुंदर’ किंवा ‘भावपूर्ण’ म्हणून सुटका होत नाही. शिक्षक विचारतात, कशामुळे? मग तुम्हाला हाताची बोटं, सावलीची दिशा, रिकामी सोडलेली जागा दाखवून बोलावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात जोव्हान्नी मोरेल्ली या वैद्यकी शिकलेल्या इटालियन माणसाने हे बघणं टोकाला नेलं. चेहरा आणि हावभाव सगळेच जपून काढतात, नक्कल करणाराही तिथेच जीव ओततो. चित्रकाराचा खरा हात कळतो तो कानाच्या पाळीत आणि नखांच्या आकारात, कारण ते तो सवयीने काढून मोकळा होतो. असं मोरेल्लीचं म्हणणं. त्याच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली. तरी एकदा हे वाचल्यावर कुठल्याही व्यक्तिचित्रात नजर आधी कानाकडे जाते, हे मात्र खरं.

पुढच्या सत्रांत अर्थ, समाज, धर्म, सत्ता हे सगळं येतं. कोणत्या संताच्या हातात काय असतं, राजाचं चित्र त्याच उंचीवर का टांगलं, वसाहतींतून आणलेल्या वस्तू संग्रहालयात कशा पोचल्या. यावर भरपूर वाचन आणि भरपूर लेखन होतं. पण जोडपदवीच्या विद्यार्थ्याने सगळ्यांत जास्त लक्ष द्यावं असा भाग चित्राच्या पाठीमागे असतो, अगदी शब्दशः.

चित्र उलटं करा. कॅनव्हास ताणलेली लाकडी चौकट दिसते, तिच्यावर खिळ्यांची भोकं, जुन्या प्रदर्शनांच्या चिकटचिठ्ठ्या, कस्टमचे शिक्के, लिलावगृहांनी स्टेन्सिलने उमटवलेले काळे आकडे. व्हर्मीरच्या ‘खगोलशास्त्रज्ञ’ या चित्राच्या पाठीवर छोटा स्वस्तिकाचा शिक्का आहे. नाझी जर्मनीने पॅरिसमधल्या रॉथ्सचाइल्ड कुटुंबाकडून ते लुटलं तेव्हाची ती खूण. लुटीची कामगिरी सोपवलेल्या खात्याने प्रत्येक वस्तूला संकेताक्षरं आणि क्रमांक दिले होते, त्यामुळे त्यांचीच कारकुनी पुढे परताव्याच्या दाव्यांत पुरावा ठरली. चित्र कोणाकडून कोणाकडे, कधी आणि कसं गेलं याच्या सलग नोंदीला मालकीचा इतिहास म्हणतात. १९३३ ते १९४५ या काळात त्यात खंड असेल तर आज कुठलंही जबाबदार संग्रहालय चित्र घेण्याआधी थबकतं. नाझींनी लुटलेल्या कलेबद्दल ४४ देशांनी १९९८ मध्ये वॉशिंग्टनला काही तत्त्वं मान्य केली, तेव्हापासून हे काम करणारा संशोधक असा स्वतंत्र पेशाच तयार झाला. तो जुने जमाखर्च वाचतो, वारसापत्रं वाचतो, दलालांच्या वह्या वाचतो. म्हणजे बसतो इतिहासकाराच्या खुर्चीवर आणि काम करतो हिशेबतपासनिसाचं.

दुसऱ्या वर्गात काय चालतं

‘सर्जनशील उद्योग’ ही सरकारी वर्गवारी म्हणून ब्रिटनमध्ये १९९८ मध्ये ठळक झाली. तिथल्या सरकारने १३ क्षेत्रं मोजली: जाहिरात, वास्तुरचना, कला आणि पुराणवस्तूंचा बाजार, हस्तकला, डिझाइन, फॅशन, चित्रपट, संगणकीय खेळ, संगीत, रंगमंच, प्रकाशन, सॉफ्टवेअर, दूरचित्रवाणी व रेडिओ. त्या पहिल्या यादीत संग्रहालयं नव्हती, ती नंतर आली. कशाला उद्योग म्हणायचं हाच वादाचा मुद्दा असल्याने अभ्यासक्रमाची सुरुवात बहुधा इथून होते. थोडी कंटाळवाणी असते, पण पुढे जी धोरणं आणि अनुदानं येतात ती या रेघांवरच ठरतात.

खरी गोडी अर्थशास्त्रात आहे. पुस्तक, चित्रपट, गाणं यांची पहिली प्रत अतोनात महाग आणि पुढची प्रत्येक प्रत जवळजवळ फुकट. चित्राचं उलटं: प्रत एकच, म्हणून दुर्मिळपणा हाच माल. आणि सगळीकडे सारखी असणारी गोष्ट म्हणजे अनिश्चितता. काय चालेल हे आधी कोणालाच खात्रीने सांगता येत नाही, पैसे मात्र आधी घालावे लागतात. म्हणून या धंद्यात जोखीम वाटून घ्यायच्या नाना रीती निघाल्या. प्रकाशक आगाऊ रक्कम देतो, निर्माता प्रदेशवार हक्क आधीच विकतो, गॅलरी चित्रकाराकडून चित्रं विकत न घेता ठेवून घेते आणि विकली गेली की निम्म्याच्या आसपास कमिशन कापते.

यातल्या बऱ्याच रीती एका माणसाच्या धडपडीतून बघता येतात. पॉल द्यूराँ-रुएल हा पॅरिसचा चित्रव्यापारी १८७०च्या युद्धात लंडनला गेला आणि तिथे त्याची मोने व पिसारो या चित्रकारांशी गाठ पडली. पुढे त्याने इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची चित्रं घाऊक विकत घेतली, त्यांना नियमित पैसे दिले, एकाच चित्रकाराची प्रदर्शनं भरवली, बँकेकडून कर्ज काढून साठा केला. १८८२ मध्ये त्याला पैसा पुरवणारी बँक बुडाली आणि तोही बुडायच्या बेतात आला. १८८६ मध्ये त्याने तीनशेच्या आसपास चित्रं न्यूयॉर्कला नेऊन प्रदर्शन केलं आणि अमेरिकन गिऱ्हाइकांनी त्याला तारलं. इतिहासाच्या वर्गात इम्प्रेशनिझम म्हणजे उजेड आणि तुटक फटकारे. व्यवस्थापनाच्या वर्गात तो म्हणजे साठा, उधारी, रोकडटंचाई आणि नवी बाजारपेठ. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दुसरी घडली नसती तर पहिलीतली किती चित्रं आपल्यापर्यंत पोचली असती याची शंकाच आहे.

रंगमंच आणि संग्रहालयांच्या बाबतीत एक वेगळाच प्रश्न शिकवतात. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात तो मांडला. बेथोव्हेनची चौघांनी वाजवायची रचना आजही चौघांनीच आणि तितकीच मिनिटं वाजवावी लागते. कारखान्यात यंत्रं आली, एक कामगार पूर्वीच्या दहा जणांइतका माल काढू लागला, त्याचा पगार वाढला. वादकाचा पगारही त्यामागून वाढवावा लागतो, नाहीतर तो दुसरं काम धरेल. पण त्याची ‘उत्पादकता’ तिथेच राहते. त्यामुळे नाट्यगृहाचा, संग्रहालयाचा खर्च तिकिटापेक्षा नेहमी पुढे पळतो. व्यवस्थापन ढिसाळ आहे म्हणून तोटा होतो असं दर वेळी नसतं. कामाचं स्वरूपच तसं आहे.

हिशेबाचा एक धडा मात्र प्रत्येकाला आधी चक्रावतो: निर्बंध असलेला निधी. एखाद्या संग्रहालयाकडे कोट्यवधींच्या देणग्या जमा असतात आणि तरी वीजबिल भरायला पैसे नसतात. देणगीदाराने नव्या दालनासाठी दिलेला पैसा दिव्यांवर खर्चता येत नाही. ताळेबंदात श्रीमंत, गल्ल्यात कंगाल. अशा संस्थेचा ताळेबंद वाचता येणं ही मोठी कमाई आहे, आणि निव्वळ कलेच्या इतिहासाचं शिक्षण घेतलेले अनेक क्युरेटर (संग्रह सांभाळणारे आणि प्रदर्शनं आखणारे) ती नोकरीत ठेचा खात शिकतात.

प्रदर्शनाच्या बजेटमध्ये तर रसायनशास्त्रही घुसतं. जलरंग, रेखाटनं, छापचित्रं उजेडाने फिकी पडतात, म्हणून ती साधारण ५० लक्स इतक्या मंद प्रकाशातच ठेवतात आणि काही महिन्यांनी काढून अंधारात विसाव्याला पाठवतात. म्हणजे कागदावरच्या कामांचं प्रदर्शन कितीही गाजलं तरी मुदत वाढवून आणखी तिकिटं विकता येत नाहीत. तैलचित्रं तुलनेने सोशिक, पण ती उधार आणायची तर खास पेट्या, विमा, सोबत येणारा माणूस असा खर्च वाढत जातो. विमा इतका जड होतो की अमेरिकेने १९७५ मध्ये आणि ब्रिटनने १९८० मध्ये कायदा करून सरकारनेच ती जोखीम उचलायची सोय केली. या योजना नसत्या तर मोठी उसनवारीची प्रदर्शनं कितीतरी संग्रहालयांना झेपलीच नसती.

हक्कांचं प्रकरण लांब आहे, पण मूळ गोष्ट एका वाक्यात सांगता येते: चित्र विकत घेतलं म्हणजे चित्राचा कॉपीराइट विकत घेतला असं होत नाही. भिंतीवर टांगलेलं चित्र तुमचं, त्याचं पोस्टर छापायचा हक्क बहुधा अजून चित्रकाराचा. त्यातच पुनर्विक्रीच्या वाट्याचा प्रश्न. फ्रान्सने १९२० मध्ये कायदा केला की चित्र पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना किमतीतला हिस्सा मिळावा. युरोपीय संघाच्या नियमांत हा हिस्सा साधारण ४ टक्क्यांपासून सुरू होऊन किंमत वाढेल तसा घटत जातो आणि एका विक्रीमागे १२,५०० युरोंवर थांबतो. अमेरिकेत देशभर लागू असा हक्कच नाही. चित्र कोणत्या शहरात विकायचं, या निर्णयात हे गणित असतं.

सांधा कुठे आहे

लिलावाची सूची उघडा. चित्रकाराचं नाव कसं छापलंय ते बघा. नुसतं पूर्ण नाव असेल तर लिलावगृह म्हणतंय, आमच्या मते हे त्याचंच. ‘त्याचं मानलेलं’ असेल तर बहुधा त्याचं, पण खात्री देत नाही. मग ‘त्याच्या कार्यशाळेतलं’, ‘त्याच्या वर्तुळातलं’, ‘त्याच्या अनुयायाचं’, ‘त्याच्या शैलीतलं’, आणि शेवटी ‘त्याच्या चित्रावरून केलेलं’. सूचीच्या मागच्या पानांवर प्रत्येक पायरीचा नेमका अर्थ वकिली भाषेत दिलेला असतो. चित्र तेच, रंगाचा थेंबही बदललेला नाही, पण एक पायरी खाली उतरलं की किंमत कोसळते. ही पायरी ठरवतो कलेचा इतिहासकार, आणि त्या पायरीवर पैसा उभा राहतो.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘साल्वातोर मुंडी’ (‘जगाचा तारणहार’) हे येशूचं चित्र. १९५८ मध्ये लंडनच्या लिलावात ते लिओनार्दोचा शिष्य बोल्त्राफियो याच्या नावावर ४५ पौंडांना गेलं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये व्यापाऱ्यांनी ते १,१७५ डॉलरला घेतलं. वरचे जुने रंगलेप काढले, दुरुस्ती केली, जाणकारांना दाखवलं. २०११ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने ते आपल्या मोठ्या प्रदर्शनात लिओनार्दोचं म्हणून मांडलं. २०१३ मध्ये एका रशियन संग्राहकाने १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजले. १५ नोव्हेंबर २०१७ ला न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात हातोडा ४० कोटी डॉलरवर पडला, आणि खरेदीदाराकडून घेतलं जाणारं शुल्क धरून रक्कम झाली ४५ कोटी ३ लाख डॉलर.

आता दोन्ही चष्मे लावून बघू. इतिहासाच्या चष्म्यातून: बोटांच्या जागेत चित्रकाराने मागाहून केलेला बदल, हातातला स्फटिकाचा गोल, खराब झालेला आणि भरपूर दुरुस्त केलेला पृष्ठभाग, आणि अभ्यासकांत आजही न मिटलेला वाद की यात लिओनार्दोचा हात किती आणि कार्यशाळेचा किती. व्यवहाराच्या चष्म्यातून: हे पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचं चित्र जुन्या उस्तादांच्या लिलावात न ठेवता युद्धोत्तर आणि समकालीन कलेच्या संध्याकाळच्या लिलावात ठेवलं, कारण खोल खिशाची गिऱ्हाइकं तिथे येतात, बाहेरच्या जाहिरात संस्थेकडून प्रचार करवून घेतला, चित्र शहरोशहरी फिरवलं, एका त्रयस्थाकडून आधीच किमान किमतीची हमी घेतली. यातला कुठलाही एक भाग वगळला तर ४५ हा आकडा ४५ कोटीपर्यंत कसा पोचला हे समजत नाही. २०१९ मध्ये लूव्र संग्रहालयाने लिओनार्दोचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात हे चित्र दिसलं नाही.

उलट बाजूचं उदाहरण मला याहून जास्त शिकवणारं वाटतं. न्यूयॉर्कची नोएडलर गॅलरी १८४६ पासून चालू होती. साधारण दीड दशकभर तिने रॉथको, पोलॉक, मदरवेल अशा विसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रकारांच्या नावांची चित्रं विकली, जी एकाच बाईंकडून येत होती आणि जी आधी कोणी पाहिलेली नव्हती. मूळ मालक कोण, तर नाव न सांगता येणारा एक परदेशी संग्राहक. २०११ मध्ये गॅलरी बंद पडली. त्या सगळ्या चित्रांमागे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा एक चित्रकार होता, आणि या बनावट चित्रांची विक्री आठ कोटी डॉलरच्या घरात गेली होती. आणणाऱ्या बाईंनी २०१३ मध्ये गुन्हा कबूल केला.

कलेच्या इतिहासाने धोक्याचे कंदील कधीच दाखवले होते. मालकीचा कागद नाही, जुन्या सूच्यांत नोंद नाही, प्रयोगशाळेत असे रंग सापडले जे त्या काळात बाजारात नव्हतेच. एका पोलॉकवर तर सहीच्या स्पेलिंगमधलं एक अक्षर गाळलेलं! पण दुसरा कंदील हिशेबाच्या वहीत होता. २००४ मध्ये ८३ लाख डॉलरला विकलेला ‘रॉथको’ गॅलरीने ९ लाख ५० हजारांना घेतला होता. खरा रॉथको इतक्या स्वस्तात कोण सोडतो? पुढे फसवणुकीच्या खटल्यात हिशेबतज्ज्ञाने न्यायालयात दाखवलं की या चित्रांची कमाई काढून टाकली तर गॅलरी तोट्यात होती. म्हणजे चित्र न बघता, नुसता खरेदी-विक्रीतला फरक बघूनही शंका यायला हवी होती. पण चित्र बघणाऱ्याला वही दिसत नव्हती आणि वही बघणाऱ्याला चित्रातलं कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

दोन्ही विद्या एका माणसात आल्या की सगळं नीट होतं, असं मात्र समजू नका. बर्नार्ड बेरेन्सन हा इटालियन प्रबोधनकाळातल्या चित्रांचा त्याच्या काळातला सर्वांत वजनदार जाणकार. १९१२ मध्ये त्याने जोसेफ डुव्हीन या व्यापाऱ्याशी गुप्त करार केला: त्याने पसंतीची मोहोर उठवलेल्या चित्रांच्या नफ्यात त्याचा चौथा हिस्सा. ज्याच्या मतावर किंमत ठरते त्यालाच किमतीत वाटा! त्याची सगळीच मतं खोटी होती असं नाही, बरीचशी आजही टिकून आहेत. पण कोणतं मत कशासाठी दिलं, याची शंका कायमची चिकटली. चांगल्या अभ्यासक्रमात हितसंबंधांचा प्रश्न एखाद्या तासापुरता न उरता सगळ्या वर्षांत डोकं काढत राहतो. नसेल, तर पदवी फक्त विकायला शिकवते आहे असं समजावं.

शहर दिवाळखोर झालं तेव्हा

वर्गात वाद पेटवायचा असेल तर शिक्षक डेट्रॉइटचं प्रकरण काढतात. जुलै २०१३ मध्ये सुमारे १,८०० कोटी डॉलरचं कर्ज डोक्यावर घेऊन अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराने दिवाळखोरी जाहीर केली. शहराच्या मालकीचं कला संग्रहालय होतं, त्यात ब्रॉयगेलचं लग्नातल्या नाचाचं चित्र होतं, व्हॅन गॉखचं स्वतःचं व्यक्तिचित्र होतं. घेणेकरी म्हणाले, विका. निवृत्त अग्निशामकाचं पेन्शन कापायचं आणि भिंतीवरचं चित्र जपायचं?

क्रिस्टीजने मोजदाद केली ती संग्रहातल्या साठ हजारांवर वस्तूंची नव्हे, तर शहराच्या पैशाने विकत घेतलेल्या पावणेतीन हजारांची. देणगीत आलेल्या वस्तूंवर देणगीदारांच्या अटी होत्या, त्या विकायला काढणं म्हणजे वेगळीच कोर्टबाजी. म्हणजे इथेही आधी प्रश्न तोच, की वस्तू आली कशी. अंदाज निघाला ४५ कोटी ४० लाख ते ८६ कोटी ७० लाख डॉलर. एकट्या ब्रॉयगेलचे १० ते २० कोटी. शेवटी धर्मादाय प्रतिष्ठानं, राज्य सरकार आणि देणगीदारांनी मिळून ८० कोटी डॉलरहून अधिक रक्कम पेन्शनसाठी उभी केली आणि बदल्यात संग्रहालयाची मालकी शहराकडून काढून ना-नफा संस्थेकडे दिली. एकही चित्र विकलं गेलं नाही.

यावर विद्यार्थ्यांना विचारतात: संग्रहालयं आपला संग्रह ताळेबंदात मालमत्ता म्हणून बहुधा का दाखवत नाहीत? त्यामागची भूमिका अशी की हा संग्रह लोकांसाठी जपायचा ठेवा आहे, गरज पडली की मोडायचं सोनं नाही, आणि अमेरिकेतले हिशेबाचे नियम काही अटींवर तशी सूट देतात. पण एकदा कोणी त्यावर आकडा लिहिला की तो आकडा घेणेकऱ्यांनाही वाचता येतो. मला विचाराल तर डेट्रॉइटमध्ये चित्रं वाचली ते बरंच झालं. पण पेन्शनरांचा प्रश्न फालतू होता असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी कमीच गुण देईन.

पदवीतलं रोजचं

आता थोडं व्यावहारिक. दोन विभागांची पदवी म्हणजे दोन वेळापत्रकं, आणि ती एकमेकांना विचारून केलेली नसतात. लेखनाच्या रीतीही दोन. इतिहासाच्या निबंधात तळटिपा, व्यवस्थापनाच्या अहवालात लेखकाचं आडनाव आणि वर्ष कंसात. एकीकडे तीन हजार शब्दांत एकाच चित्राबद्दल सावकाश विचार करायचा, दुसरीकडे पहिल्याच परिच्छेदात निष्कर्ष आणि शिफारस द्यायची. पहिलं वर्ष बऱ्याच जणांचं यातच जातं. व्यवस्थापनात गटाने करायची कामं असतात, आणि ज्याला ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एकट्याने बसायची सवय आहे त्याला ती जाचतात.

गणिताची भीती बाळगून येणाऱ्यांना एवढंच सांगता येईल की टक्केवारी, अंदाजपत्रक, नफा-तोट्याचा तक्ता, थोडं संख्याशास्त्र यापलीकडे पदवीच्या पातळीवर सहसा जावं लागत नाही. भाषेचं ओझं मात्र कमी लेखू नये. युरोपीय कलेत पुढे जायचं तर इटालियन, फ्रेंच किंवा जर्मन वाचता यायला लागतं. करारनामे, वारसापत्रं, दलालांच्या वह्या आपल्या सोयीच्या भाषेत कोणी लिहून ठेवलेल्या नसतात.

नोकऱ्या कोणत्या? क्युरेटर हे नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, पण त्या जागा थोड्या आणि बहुतेक ठिकाणी पुढची पदवी मागणाऱ्या. खरी भरती आडवाटेला असते: लिलावगृहात वस्तूंची नोंद आणि सूची करणारे, संग्रहाची ने-आण आणि उसनवारीचे करार सांभाळणारे, कलावस्तूंच्या विम्यात आणि तारण कर्जात मूल्यांकन करणारे, चित्रांच्या प्रतिमा छापायच्या हक्कांचे परवाने देणारे, अनुदानाचे अर्ज लिहिणारे, प्रदर्शनांचं बजेट चालवणारे. सुरुवातीचे पगार व्यवस्थापनाच्या इतर शाखांच्या मानाने कमी असतात. बिनपगारी किंवा नाममात्र पैशांच्या उमेदवारीची या क्षेत्राला जुनी खोड आहे. ज्याच्या घरची पाठराखण आहे तोच टिकतो, आणि मग संग्रहालयात कोणाच्या नजरेने वस्तू निवडल्या जातात हेही त्यावरून ठरतं. काही अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाचं सत्र किंवा वर्ष पदवीचाच भाग असतो. तिथे मोबदल्याचं काय, हे आधी स्पष्ट विचारावं.

निवड करताना माहितीपत्रकातले फोटो बाजूला ठेवून विषयांची यादी वाचा. व्यवस्थापनाच्या बाजूला हिशेब, करार आणि हक्क शिकवत नसतील आणि नुसतं नेतृत्व, नवोन्मेष, उद्यमशीलता अशी मोठमोठी नावं असतील, तर ती बाजू पोकळ आहे. कलेच्या बाजूला वस्तू हातात घेऊन किंवा निदान भांडारात जाऊन बघायची सोय नसेल आणि सगळं पडद्यावरच असेल, तर तीही अर्धीच. फक्त चित्रांत जीव असेल तर नुसता कलेचा इतिहास शिकून पुढे एका वर्षाची व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी करणं हाही धड मार्ग आहे, काहींना तोच जास्त मानवतो. आणि जोडपदवी घ्यायची ठरलीच तर प्रवेशाआधी विभागाला विचारून घ्या की शेवटच्या वर्षाचा प्रबंध दोन्ही विभागांतले मार्गदर्शक मिळून तपासतात की एकच, कारण मालकीच्या इतिहासावरचा प्रबंध ज्याला फक्त एक बाजू कळते त्याच्या हाती गेला, तर तुमची निम्मी मेहनत त्याला वाचताच येणार नाही.